किल्ली ओळखणारें कुलूप

जव्हार व मोखाडा ह्या तालुक्यांतील मुलांस मोटारगाडी ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. बाजाराच्या दिवशीं पाड्यापाड्यांवरून माणसें व भाजीपाला आणणारी जीप, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅन, भाताचीं पोतीं वाहणारा पिकअप, हीं वाहनें रोज आपल्या डोळ्यांसमोरून जातात. परंतु रोज पाहिलेल्या वस्तूविषयीं आपणांस पुष्कळ वेळां फारच थोडें ठाऊक असतें. वाहन चालतें तोंवर त्याच्या पोटांत काय आहे ह्याची कोणी चौकशी करीत नाहीं. तें एके दिवशीं अडून बसलें म्हणजे मात्र दहा माणसें जमतात व दहा प्रकारचे सल्ले देतात. अलीकडच्या गाड्यांत अशा अडून बसण्याचें एक विशेष कारण असतें. त्या यंत्रास इम्मोबिलायझर असें म्हणतात. हें यंत्र काय आहे, तें गाडी कां अडवितें, दोष त्यांतच आहे हें कसें ओळखावें आणि तो कसा दूर करावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

हा विषय मेकॅनिकांचा आहे, शाळेच्या वार्षिकांत त्याचें काय काम, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, आपल्या मुलुखांत गाडी सुरू होणें ही पुष्कळदां जीवनमरणाची गोष्ट असते. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं आणि ह्या भागाचें नांव दुःखद रीतीनें सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालें. त्यानंतर पुष्कळ रस्ते झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवाही सुरू झाली. तरी अद्यापि कित्येक पाड्यांवरून आजाऱ्यास किंवा बाळंतिणीस झोळींत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावें लागतें. तेथून पुढें जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयांत अथवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयांत नेणारी गाडी पुष्कळदां गांवांतल्याच कोणाची तरी असते. समजा, ती गाडी श्रावणांतल्या रात्रीं, भर पावसांत, सुरू झाली नाहीं. टांकींत डिझेल आहे, इंजिनांत बिघाड नाहीं. तरी इंजिन नुसतें फिरतें व पेट घेत नाहीं. अशा वेळीं झोळीजवळ उभ्या असलेल्या माणसांपैकीं एकास जरी ह्या यंत्राची ओळख असली, तरी पांच-दहा मिनिटांत निर्णय होऊं शकतो : गाडी येथेंच सुरू होईल, कीं वेळ न दवडतां दुसरें वाहन बोलवावें. हा निर्णय लवकर व बरोबर होणें, हेंच ह्या विद्येचें खरें फळ होय.

कुलपाची जन्मकथा

मोटारीच्या जुन्या किल्लीचें काम साधें होतें. तिचे दांते कुलपांत जुळले म्हणजे कुलूप फिरे, बॅटरीचा विद्युत्प्रवाह पुढें जाई आणि गाडी सुरू होई. चोरास ह्या कुलपाची फारशी भीति नसे. सुकाणूच्या खांबाखालील तारा बाहेर ओढून योग्य त्या तारा एकमेकींस जोडल्या, कीं किल्लीवांचून गाडी चालूं लागे. म्हणून किल्लीच्या दांत्यांवर विसंबून न राहतां इंजिनच अडवून धरावें, ही कल्पना फार लवकर निघाली. १९१९ च्या सुमारास अमेरिकेंत सेंट जॉर्ज इव्हान्स व एडवर्ड बर्कनब्यूएल ह्या दोघांनीं अशा एका विजेच्या साधनाचें पेटंट मिळविलें. त्यांत गाडीच्या आंत नऊ बटणांची एक फळी असे. बटणांची योग्य रचना केल्यावांचून गाडी सुरू करूं गेल्यास इंजिन सुरू न होतां भोंगाच वाजे.

१९८६ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या कॉर्व्हेट मोटारीच्या किल्लींत विजेस ठराविक विरोध करणारा एक लहानसा तुकडा बसविला. गाडी तो विरोध मोजी व जुळला तरच सुरू होई. परंतु असे तुकडे एकंदर १५ प्रकारचेच होते. ज्याच्याजवळ पंधराही प्रकार असत, त्यास केव्हांना केव्हां तरी यश येई. नंतरच्या दहा वर्षांत किल्लींत रेडिओलहरींनीं बोलणारी चिप आली आणि आज आपण ज्यास इम्मोबिलायझर म्हणतों तें यंत्र तयार झालें. जर्मनींत १९९८ पासून, ब्रिटनमध्यें ऑक्टोबर १९९८ पासून व ऑस्ट्रेलियांत २००१ पासून नव्या मोटारींत तें सक्तीचें झालें.

ह्या सक्तीचा उपयोग झाला कीं नाहीं, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. हॉलंडमधील १९९५ ते २००८ ह्या काळांतल्या चोऱ्यांचा अभ्यास करून यान व्हान ऊर्स व बेन वोलार्ड ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं, ह्या साधनामुळें मोटारींच्या चोरीचें प्रमाण सरासरीनें सुमारें ४० टक्क्यांनीं घटलें. ह्याची उलट बाजू अमेरिकेंत दिसून आली. तेथें किया व ह्युंदाई ह्या कंपन्यांच्या पुष्कळ मोटारींत हें यंत्र बसविलेलें नव्हतें, व त्या मोटारी सहज चोरतां येतात हें इंटरनेटवरून पसरल्यावर २०२२ सालीं तशा चोऱ्यांचें पेवच फुटलें. तथापि हें कुलूप अभेद्य आहे, असेंही समजूं नये. २००५ सालींच अमेरिकेंतील संशोधकांनीं अशा एका प्रकारच्या चिपचें गुपित उकलून दाखविलें होतें, आणि तेव्हांपासून किल्ली अधिक हुशार करणारे व ती फसविणारे ह्यांची शर्यत चालूच आहे.

आपल्याकडे, पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांची पारख करते व वाहनांसंबंधींचीं मानकें प्रसिद्ध करते. त्यांत चोरीपासून रक्षण करणाऱ्या साधनांविषयींचींही मानकें आहेत. मारुतीची ईको ही गाडी नोव्हेंबर २०२२ मध्यें नव्या रूपांत आली, तेव्हां तिच्यांत इंजिन अडविणारें हें यंत्र होतें. नाशिकच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या महिंद्रा बोलेरोसारख्या गाड्यांतही तें आलें आहे. एके काळीं शहरांतील महागड्या मोटारींपुरतें असलेलें हें कुलूप अशा रीतीनें आपल्या घाटांतल्या गाड्यांत येऊन पोहोंचलें.

प्रश्न आणि उत्तर

आतां ह्या यंत्राचें काम कसें चालतें तें पाहूं. नव्या किल्लीचें डोकें प्लास्टिकचें व जाडसर असतें. त्याच्या पोटांत एक चिप असते. ती चिंचोक्याहून मोठी नसते. ह्या चिपला स्वतःची बॅटरी नसते. पुष्कळ लोकांस ही गोष्ट खरी वाटत नाहीं, कारण दरवाजे दुरून उघडणाऱ्या किल्लींत बॅटरी असते हें त्यांनीं पाहिलेलें असतें. पण तो रिमोट निराळा व ही चिप निराळी. रिमोटचा सेल संपला म्हणून भोंकांत घालून फिरवावयाच्या किल्लीनें गाडी सुरू व्हावयाची राहत नाहीं.

मग चिपला शक्ति मिळते कोठून? किल्ली घालण्याच्या भोंकाभोंवतीं, प्लास्टिकच्या आवरणाखालीं, बारीक तांब्याच्या तारेचें एक वेटोळें असतें. किल्ली फिरवितांच त्या वेटोळ्यांतून दर सेकंदास सुमारें १,२५,००० आवर्तनें करणारा विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. त्याचें चुंबकीय क्षेत्र किल्लींतील चिमुकल्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न करितें व तेवढ्या विजेवर चिप जागी होते. मायकेल फॅरडे ह्यानें १८३१ सालीं शोधून काढलेला विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचा जो नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकांत शिकतां, तोच हा. वर्गांत चुंबक हलवून गॅल्व्हनॉमीटरचा कांटा हलवितांना हाच नियम उद्यां एखाद्या गाडीची किल्ली जागी करणार आहे, हें लक्षांत ठेवा.

चिप जागी झाली म्हणजे तिच्यांत व गाडींत संभाषण होतें. जुन्या काळीं गडाच्या दरवाज्यावरील पहारेकरी आंत येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारी. तो शब्द रोज एकच राहिला, तर झुडुपाआड लपलेला शत्रूही तो ऐकून शिकेल. म्हणून ह्या यंत्राची परवल दर वेळीं बदलते. गाडी एक वाटेल ती मोठी संख्या किल्लीकडे पाठविते. किल्ली आपल्याजवळील गुप्त संख्येच्या साहाय्यानें तिचें गणित करून उत्तर परत पाठविते. तेंच गणित गाडीनेंही केलेलें असतें. दोन्ही उत्तरें जुळलीं, कीं इंजिनाच्या संगणकास, ज्यास गॅरेजांत ईसीएम अथवा ईसीयू म्हणतात त्यास, मोकळीक मिळते. न जुळलीं, तर तो संगणक इंजिनास इंधन देत नाहीं. पेट्रोलच्या गाडींत ठिणगीही रोखतो. कांहीं गाड्यांत सेल्फसुद्धां फिरूं दिला जात नाहीं. हा सर्व व्यवहार एका सेकंदाच्या आंत उरकतो.

ह्यावरून दोन गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. पहिली ही कीं, रस्त्यावर बसलेल्या किल्लीवाल्यानें नुसते दांते कापून दिलेल्या किल्लीनें दरवाजा उघडेल, कुलूपही फिरेल, पण गाडी चालणार नाहीं. कारण तींत चिप नाहीं. दुसरी गोष्ट आपल्या घाटांत फार महत्त्वाची आहे. जुनी डिझेल जीप सेल्फ बिघडला तरी उतारावर सोडून, गियरमध्यें टाकून, सुरू करतां येत असे, आणि आपल्याकडील ड्रायव्हर ह्या कलेंत तरबेज आहेत. परंतु इम्मोबिलायझरनें अडविलेली गाडी धक्का मारून किंवा उतारावर सोडून सुरू होत नाहीं. चाकें इंजिनास फिरवितील. संगणक इंधन देणार नाहीं. शिवाय बंद इंजिनाची गाडी उतारावर लागली म्हणजे ब्रेकास मिळणारी मदत एक-दोनदां ब्रेक दाबतांच संपते व सुकाणू जड होतें. एका बाजूस दरी असलेल्या वळणावर हा प्रयोग करणें म्हणजे संकटांत आणखी एक संकट बोलावणें होय.

दोष ओळखण्याची रीति

वैद्य जसा औषध देण्यापूर्वीं नाडी पाहतो, तसें येथेंही आधीं निदान व मग उपाय. त्यासाठीं तीन प्रश्न क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : सेल्फ फिरतो काय? सेल्फ मुळींच न फिरतां नुसता टक-टक आवाज आला, समोरचे दिवे मंद झाले किंवा विझले, तर आधीं बॅटरीकडे पाहावें. शिसें व आम्ल ह्यांच्या एका घरांत सुमारें २.१ व्होल्ट वीज असते. बारा व्होल्टच्या म्हणविल्या जाणाऱ्या बॅटरींत अशीं सहा घरें असतात. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतांना सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं आली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. सेल्फ फिरतांना ती ९.६ च्या खालीं उतरतां कामा नये. बॅटरी अर्धवट दुबळी असली म्हणजे एक फसवा प्रकार होतो : सेल्फ कसाबसा फिरतो, पण त्यानें वीज इतकी ओढली जाते कीं संगणकास किल्लीशीं नीट बोलतां येत नाहीं, आणि तो किल्ली खरी असूनही तिला नाकारतो. म्हणून इम्मोबिलायझरवर आरोप करण्याआधीं बॅटरीस निर्दोष ठरवावें.

दुसरा प्रश्न : दिवा काय सांगतो? गाडीच्या घड्याळपट्टींत किल्लीचें किंवा कुलूप घातलेल्या गाडीचें चित्र असलेला एक लहान दिवा असतो. बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवितांच तो क्षणभर लागून विझतो. म्हणजे किल्ली ओळखली गेली. तो भराभर उघडझांप करूं लागला किंवा लागूनच राहिला, तर किल्ली ओळखली गेली नाहीं. गाडी बंद करून ठेवलेली असतां हाच दिवा संथपणें लुकलुकतो. तो दोष नव्हे, पहारेकरी जागा आहे एवढाच त्याचा अर्थ. निरनिराळ्या गाड्यांत ह्या दिव्याची भाषा थोडी निराळी असते, म्हणून गाडीबरोबर आलेली पुस्तिका एकदां तरी वाचावी.

तिसरा प्रश्न : इंजिन क्षणभर पेट घेऊन मरतें काय? किल्ली फिरवितांच इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडलें, व पुन्हां पुन्हां तसेंच झालें, तर हें इम्मोबिलायझरचें ठळक लक्षण समजावें. उलट, दिवा रीतीप्रमाणें विझला, सेल्फ जोरानें फिरला, तरी इंजिन पेटत नाहीं, असें असेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे : डिझेलच्या नळींत हवा, भरलेला फिल्टर, पेट्रोल गाडीचा बंद पडलेला पंप, अथवा एखादा जळलेला फ्यूज. अशा वेळीं किल्लीशीं खेळत बसणें व्यर्थ होय.

उपायांची पायरी

उपाय करितांना स्वस्तांतून महागाकडे व सोप्यांतून अवघडाकडे जावें.

प्रथम किल्ली बाहेर काढावी. तिच्या जुडग्यांतील इतर किल्ल्या, विशेषतः दुसऱ्या गाडीची चिप असलेली किल्ली, लोखंडाची कडी, व जवळ धरलेला मोबाईल फोन दूर करावा. धातूनें चुंबकीय क्षेत्र बिघडतें व दुसरी चिप मध्येंच उत्तर देऊन गोंधळ करिते. एखादें मिनिट थांबून एकटीच किल्ली घालून फिरवावी व दिवा पाहावा. घाईनें वीस वेळां किल्ली फिरवूं नये. कांहीं गाड्यांत चुकीचीं उत्तरें पुष्कळदां आलीं म्हणजे संगणक कांहीं मिनिटें कोणाचेंच ऐकत नाहीं, आणि सेल्फ मारून मारून असलेली बॅटरीही उतरते.

दुसरा उपाय म्हणजे दुसरी किल्ली. गाडी घेतांना मिळालेल्या दोन किल्ल्यांपैकीं ठेवणींतली किल्ली आणून पाहावी. तिनें गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या किल्लींतील चिपचा आहे. ती कोठें तरी आपटली असेल अथवा पाण्यांत पडली असेल. दोन्हीं किल्ल्यांनीं सुरू झाली नाहीं, तर दोष गाडीकडे आहे. एवढ्याशा परीक्षेनें गॅरेजांतील अर्धा दिवस व पुष्कळ पैसा वांचतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत किल्ली खिशांतच असते व तिच्या सेलची शक्ति संपली म्हणजे गाडी तिला ओळखत नाहीं. अशा वेळीं किल्ली बटणास टेकवून अथवा पुस्तिकेंत दाखविलेल्या जागीं धरून, ब्रेक व क्लच दाबून, बटण दाबावें. पुष्कळ गाड्यांत तेवढ्यानें काम होतें. नाण्यासारखा गोल सेल नंतर बदलून घ्यावा.

तिसरा उपाय बॅटरीचा. तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती खरवडून स्वच्छ करावी व पकडी घट्ट आवळाव्या. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरींनीं वीज घ्यावी. त्याचा क्रम पाठ करण्यासारखा आहे : लाल वायर आधीं उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकास, मग भरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकास, काळी वायर भरलेल्या बॅटरीच्या उणे टोकास, व तिचें शेवटचें टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीच्या वेळीं ठिणगी उडते. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन वायु जवळ असूं नये, म्हणून ही काळजी.

चौथा उपाय फ्यूज व जोडण्या पाहण्याचा. फ्यूजच्या डब्याच्या झांकणावर कोणता फ्यूज कशाचा तें छापलेलें असतें. जळलेल्याच्या जागीं तितक्याच अँपिअरचा घालावा, तार गुंडाळून काम भागवूं नये. आपल्याकडील मुसळधार पावसांत गाडींत ओल शिरून किल्लीजवळील वेटोळ्याची जोडणी गंजते. आणि भात घरांत आल्यावर उंदीर उबेसाठीं बॉनेटखालीं शिरून वायरी कुरतडतात. हीं कामें मात्र किल्ली काढून, उजेडांत, जाणत्या माणसानें करावीं.

इतकें करूनही दिवा ऐकेना, तर मेकॅनिकाकडे स्कॅनर असतो. तो सुकाणूखालील जोडणीस लावला म्हणजे संगणकानें नोंदविलेला दोष अंकांत वाचतां येतो. पी ०५१३ हा अंक आला तर किल्ली चुकीची ठरली असा त्याचा अर्थ. ह्यानंतर किल्ली पुन्हां गाडीशीं जुळवून घेणें, वेटोळें बदलणें, आणि सर्वांच्या शेवटीं इंजिनाचा संगणक बदलणें, हा क्रम होय. संगणक ही फार महाग वस्तु आहे. किल्ली, बॅटरी, फ्यूज व वेटोळें न तपासतां जो एकदम संगणकच बदलावयास सांगतो, त्यास नम्रपणें एकच प्रश्न विचारावा : "स्कॅनरवर कोणता अंक आला तो दाखवाल काय?"

काय करूं नये

कित्येकदां कंटाळून लोक म्हणतात, "हें यंत्रच काढून टाका, वायर कापून सरळ जोडा." कारखान्यांत बसविलेला इम्मोबिलायझर इंजिनाच्या संगणकाच्या आंत गुंफलेला असतो, वायर कापल्यानें तो सुटत नाहीं, उलट एका दोषाचे तीन दोष होतात. मागाहून बाजारांत बसवून घेतलेल्या भोंग्याच्या कुलपाची गोष्ट निराळी आहे. असलीं कुलपें सेल्फची किंवा पंपाची वायर मध्येंच कापून तेथें एक रिले घालतात, आणि तो रिले सैल झाला कीं गाडी वाटेल तेथें बंद पडते. आपल्या गाडींत असें कुलूप आहे काय, व त्याचा रिले कोठें आहे, हें मालकानें बसवितांनाच विचारून ठेवावें. तें नकोसें झालें तर कापलेली वायर नीट जोडून व टेप लावून घ्यावी. नुसती पिळून ठेवूं नये.

पालकांस दोन शब्द

आपल्यापैकीं पुष्कळांनीं कर्ज काढून जीप अथवा व्हॅन घेतली आहे, आणि तिच्या हप्त्यांवर घराचें व मुलांच्या शिक्षणाचें गणित अवलंबून असतें. म्हणून दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सुचवितों. गाडी जुनी घ्यावयाची असल्यास दोन्हीं किल्ल्या मागून घ्या व दोहोंनींही गाडी सुरू करून पाहा. एकच किल्ली असेल, तर दुसरी चिपची किल्ली करण्यास किती खर्च येईल हें विचारून तेवढे पैसे किंमतींतून कमी करण्यास सांगा. दोन किल्ल्या चालत असतां तिसरी करणें बहुधा सोपें असतें. सर्व किल्ल्या हरवल्या म्हणजे कागदपत्रें, लांबचा प्रवास व मोठा खर्च हीं तिन्ही मागें लागतात. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्याही दोन्हीं किल्ल्या मागतात, हें विसरूं नये. ठेवणींतली किल्ली गाडींतच ठेवूं नका. घरांत सर्वांस ठाऊक असलेल्या एका जागीं, कोरड्या डबींत ठेवा. घरधनी परगांवीं असतां ती आईला किंवा थोरल्या मुलीला सांपडली पाहिजे.

आणि आजारी माणूस खोळंबला असेल, तर घड्याळ पाहून ठरवावें. किल्ली एकटी करून, दुसरी किल्ली लावून व बॅटरीच्या पकडी आवळून दहा मिनिटांत गाडी सुरू झाली नाहीं, तर पुढील शोध दिवसाउजेडीं करावा व तत्काळ दुसरी गाडी पाहावी. १०८ क्रमांकास फोन तर गाडीकडे हात लावण्यापूर्वींच एका माणसानें लावावा. जेथें फोन लागत नाहीं तेथें एका तरुणास टेकडीवर, जेथें लागतो तेथें, पिटाळावें. यंत्राचें कोडें उद्यां सुटलें तरी चालतें.

विद्यार्थ्यांसाठीं शेवटीं एक अभ्यास देतों. आपल्या घरीं, शेजारीं किंवा पाड्यावर जी गाडी असेल, तिच्या मालकाची परवानगी घेऊन किल्लीच्या चित्राचा दिवा शोधा. गाडी चांगली चालत असतांना किल्ली फिरविल्यावर तो किती सेकंद लागतो व केव्हां विझतो, आणि गाडी बंद असतां तो कसा लुकलुकतो, हें घड्याळ लावून पाहा व वहींत लिहा. त्याखालीं दुसरी किल्ली कोठें आहे, तिनें गाडी सुरू होते कीं नाहीं, फ्यूजचा डबा कोठें आहे व मागाहून बसविलेलें कुलूप आहे काय, हेंही लिहा. तें पान फाडून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवण्यास मालकास द्या. निरोगी माणसाची नाडी ज्यानें पाहून ठेविली आहे, त्यालाच ताप आलेला लवकर कळतो. गाडीचेंही तसेंच आहे.